घणाची सम

लातूर स्वतंत्र जिल्हा झाला, त्याच्या नव्या रस्त्यांसाठी चाकूरच्या माळावर खडीची खाण उघडली आणि त्याच सुमारास पर्जन्याने मराठवाड्याकडे पाठ फिरवली. रेणापूरकडचा कोरडवाहू शेतकरी मडिवाळप्पा तेव्हा त्या खाणीवर आला. महादेवाच्या देवळात श्रावणमासी पखवाज वाजवणारा हा शिवभक्त. गावात त्याच्या बोटांना मान होता. येथे त्याच बोटांत खडकाला सुरुंगाचे भोक पाडायची पहार आली.

पहार उभी धरून बसायचे. समोरच्या दोघांनी तिच्या माथ्यावर आळीपाळीने घण घालायचे, आणि दोन आघातांमधल्या निमिषात ती किंचित फिरवायची. निमिष चुकले की लोखंड मनगटावर उतरे. याआधी पहार धरणाऱ्याचा पंजा असाच चिरडला होता. खडकावरचा डाग अद्याप तांबूस होता.

घण घालीत ते वडार समाजातले भुजंग आणि त्याचा धाकटा भाऊ केरबा. तेलुगू मिसळलेल्या बोलीत दोघे गात. मडिवाळप्पाला ते गाणे नव्हे, निव्वळ ओरडणे वाटे.

"भुजंगा, जरा गप मार की घण. कान किटले माझे."

"आप्पा, माझ्या हौसेनं न्हाई, तुमच्या बोटासाठी गातोय."

भजनात शब्द संपला की हात विसावतो. त्या संस्काराने मडिवाळप्पाने ओळ संपताच पहार फिरवली, आणि नेमका त्याच निःशब्द क्षणी घण कोसळला. अंगठ्याचे नख मुळासकट निघाले; पहारीवरून रक्त ओघळले.

"आप्पा, तुमचा देव शब्दात ऱ्हातो," फडके बांधताना भुजंग म्हणाला. "आमचा शब्द सरल्यावर येतो. पुढल्या टायमाला आख्खा पंजा घेऊन जाईल!"

भयाने मडिवाळप्पाचे कान उघडले. स्वर चढे तेव्हा घण चढे. स्वर तुटे तेथे आघात. ज्याला तो रिकामी जागा समजत होता, तीच या गाण्याची सम होती. केरबाची ओळ भुजंगाच्या ओळीला उत्तर देई, आणि दीर्घ हेल आला की दोन्ही घण विसावत. हा बांधा उमगला, आणि अर्थ न कळणारे ते गाणे त्याला गोड लागू लागले. पुढची ओळ येण्याआधीच त्याची मान डोलू लागे. पार्वतम्मा, त्याची पत्नी, भाकरी घेऊन येई तेव्हा हसून म्हणे, "आता काय ह्येंच्यातच नांदायला जाताव का?"

एके दिवशी पाहणीला बांधकाम खात्याच्या साहेबांची जीप येणार होती. मुकादम सटवाजी काठी आपटीत आला. "ए भुजंग्या! बंद कर केकाटणं. तमाशा हाय का ह्यो? अन् आप्पा, पहार सोडली तर हजेरीतून नाव कट!"

गाणे थांबले. घण आंधळे झाले. घणावर घण आदळून ठिणग्या उडाल्या. लोखंडाच्या कपचीने मडिवाळप्पाचा गाल फाडला. पुढचा घाव बोटांवर येणार, हे त्याला कळले. मग तोच गाऊ लागला, मोडक्या उच्चारांत, पण अचूक लयीत. घण पुन्हा आपापल्या जागी पडू लागले.

सटवाजीची काठी त्याच्या पाठीत बसली. तो गात राहिला. पुन्हा बसली, सदरा रक्ताने भिजला. मग काठी तोंडावर आली, आणि ओळ मध्येच तुटली.

भुजंगाचा घण डोक्यावर होता. शब्द अपुरा राहिला, म्हणजे ही सम नव्हे, हे त्याच्या देहाला आधी कळले. त्याने घण कडेला वळवला. तो खडकावर आपटला आणि उसळून त्याच्याच नडगीवर बसला. हाड मोडल्याचा आवाज सर्वांनी ऐकला.

मडिवाळप्पा उठला. ओठातले रक्त थुंकून त्याने भुजंगाचा घण उचलला.

"सटवाजी, बस खाली. पहार धर. गाण्याबिगर मारतो."

सटवाजीने काठी टाकली. त्याने घणाकडे पाहिले, आपल्या हातांकडे पाहिले, आणि पहारीला स्पर्शही केला नाही.

"गा बाबांनो," तो पुटपुटला, "गात गात मारा."