मिनची पाठ

आमच्या गल्लीत बायकांच्या मयताला अंघोळ घालायचं काम गेली छत्तीस वर्षं माझ्याकडे आहे. पुरुषांचं हाजी सनुसी बघतात. या कामाला शिक्षण लागत नाही. पाणी हळू ओतता आलं पाहिजे आणि तोंड बंद ठेवता आलं पाहिजे. चादरीखाली जे दिसलं ते तिथंच राहतं. चांगलं काही दिसलं, चेहरा शांत होता वगैरे, तर खुशाल सांगावं. बाकीचं आपल्याबरोबर आपल्या कबरीत. माझी जोडीदारीण एंदांग पाणी छान ओतते. तोंडाची मात्र मला कायम धास्ती, कारण कांदा चिरतानासुद्धा तिला गप्प बसता येत नाही.

तर मिन. खरं नाव तुमिनाह. माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत एकोणीस वर्षं भाड्यानं राहिली, मधे एकच भिंत. सिनेमातलं तिचं नाव रत्ना सेरूनी. तरुणपणी तिनं अकरा सिनेमे केले आणि अकराही भुताचे. पुढून बघावं तर देखणी बाई, वळली की पाठीत हे एवढं भोक आणि आत वळवळ. ही हडळ आमच्याकडे रांगत्या पोरालाही माहीत असते. साबुदाण्याच्या पिठाची खळ पाठीवर थापायचे, रंगवायचे, आणि पक्ष्यांच्या दुकानातून आणलेल्या अळ्या वरून सोडायचे. खळ वाळली की कातडी ओढायची. दहा-दहा तास तशीच बसायची बिचारी.

"ओढलेलं चालायचं, पोक," मिन सांगायची. मी मोठी म्हणून ती मला पोक म्हणायची. "पण अळ्यांच्या गुदगुल्या व्हायच्या. मला हसू फुटलं की दिग्दर्शक शिव्या द्यायचा. हडळ हसते तशी हस म्हणायचा, तुझ्यासारखी हसू नको."

आणि ही बाई भुताला भ्यायची. वीज गेली की भिंतीवर टकटक. "पोक, बोला काहीतरी." मग मी आमटीत मीठ किती घालायचं यावर बोलत बसायची, वीज येईपर्यंत. सकाळी गल्लीच्या तोंडाशी केळ्याची भजी तळायची. भजी चांगली, गिऱ्हाइकाशी बोलणं वाईट. माझ्या दोरीवर तिनं कपडे वाळत घातले म्हणून आमचं वर्षातून दोनदा भांडण व्हायचंच. अंगात कायम लांब बाह्यांचा, गळाबंद झगा. पाठ तिनं कुणाला दाखवली नाही. मीही कधी विचारलं नाही. विचारण्यासारखं काय आहे त्यात.

आता ईदचं सांगते. ईदला आमची गल्ली रिकामी होते. जो तो आपल्या गावी जातो, कुलपं लागतात, मांजरंसुद्धा उपाशी पडतात. मला गाव नाही, मिनलाही नव्हतं. ईदच्या सकाळी लहानानं मोठ्याच्या घरी जायचं, हात कपाळाला लावायचा, वर्षभराची माफी मागायची. मी दोन वर्षांनी मोठी. एकोणीस वर्षं ती माझ्याकडे आली, मग आम्ही दोघी नारळाच्या पानातला भात आणि कोंबडीचा रस्सा खायचो. यंदा ती आली नाही. रस्सा झाकून ठेवला. दुपार झाली. आदल्या आठवड्यात दोरीवरून बोलाचाली झाली होती, म्हटलं राग धरलाय बाईंनी. म्हटलं, नटी झाली परत. मी कशाला जाऊ? मोठी मी आहे.

दुसऱ्या दिवशी वास यायला लागला. मला वाटलं, गटारात घूस मेली. तिसऱ्या दिवशी मी फिनेलची बाटली आणून गटारात ओतली, थोडं तिच्या उंबऱ्यापुढेही ओतलं. चौथ्या दिवशी एंदांग गावाहून आली, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "पोक, हा घुशीचा वास नव्हे," म्हणाली.

हाजींनी दार तोडलं. मी आणि एंदांगनं तिला अंघोळ घातली. काय दिसलं ते तुम्हालाही सांगणार नाही.

पण बातमी फुटली. कुणीतरी मोबाइलवर टाकलं की भुताच्या सिनेमातली रत्ना सेरूनी चार दिवस घरात मरून पडली होती. आणि तिचे चाहते उगवले. एकोणीस वर्षांत एकाला पत्ता लागला नव्हता, आता गल्लीत दुचाकी लावायला जागा नाही. त्यांचा म्होरक्या गिलांग. चाळिशीचा, काळ्या सदऱ्यावर मिनचं दात विचकलेलं चित्र. मला आईसारखी हाक मारून म्हणाला, "मक, मी रोज इथूनच ऑफिसला जातो. तिच्या हातची भजी खाल्लीत हो मी, कितीदा. ही ती आहे हे माहीतच नव्हतं." आणि हे सांगताना त्याची छाती फुगली होती.

त्यानं हाजींना फोन करून विचारलं, चाळिसाव्या दिवशी आम्ही पन्नास जण तिच्या आठवणीसाठी येऊ का. हाजींना भरून आलं. चाळिसाव्याला माणसं कशाला येतात? कुराणातलं यासीन वाचायला, मयतासाठी दुआ मागायला. दुसरं काही असू शकतं हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बायकांनी पहाटेपासून स्वयंपाक केला. पठणाला येईल त्याला जेवणाचा डबा द्यायचाच असतो, तो ओळखीचा असो नसो. भात, शेवया, बटाटा, तिखटातलं अंडं. साठ डबे भरले. चटया अंथरल्या. मला, खरं सांगते, बरं वाटलं. म्हटलं, मिन, बघ किती जण आलेत तुझ्यासाठी.

दुपारच्या नमाजानंतर ते आले. पन्नास हडळी. बाप्ये आणि बायका दोन्ही, पायघोळ पांढरे झगे, कमरेपर्यंत विगचे केस, तोंडाला पीठ. कितीकांच्या पाठीला स्पंजचं भोक, आत लाल रंग आणि प्लास्टिकच्या अळ्या. हाजी सनुसी यासीनची पुस्तकं वाटायला दारात उभे होते, ते तसेच पुस्तकं छातीशी धरून थिजले.

"कसली पुस्तकं, काका?" एका हडळीनं विचारलं. आवाज पुरुषाचा.

"तुमच्या कामाची नाहीत," हाजी म्हणाले.

मग त्यांनी मिनच्या उंबऱ्यात आडवं पडून फोटो काढले. कशी सापडली होती, अशी का तशी, यावर दोघांचा वाद झाला. एकीनं भज्यांचा झारा आठवण म्हणून पिशवीत घातला. जिथं मी फिनेल ओतलं होतं तिथं एक पोरगी डोळे पांढरे करून पडली होती आणि बाकीचे टाळ्या वाजवत होते. डबे मात्र सगळ्यांनी घेतले. हडळींना अंडं फार आवडलं.

तेवढ्यात बघते तर गिलांगनं एंदांगला खुर्चीत बसवलेलं. समोर तिकाटण्यावर मोबाइल. एंदांगनं ओढणी नीट केली होती, ओठाला काहीतरी लावलंही होतं.

"एंदांगबाई," गिलांग गोड आवाजात म्हणाला, "तुम्ही तिला शेवटचं बघितलंत. लाखभर लोक बघतील हा व्हिडिओ. सांगा ना, तिची पाठ कशी होती? खळीनं भाजलेली खूण होती म्हणतात. कुणी म्हणतं, खरंच भोक पडलं होतं. चार दिवस पडून होती म्हणजे अळ्या... सिनेमातल्यासारखंच झालं असेल, नाही?"

हे विचारताना तो हसत नव्हता. अगदी भक्तिभावानं विचारत होता. तेच मला जास्त किळसवाणं वाटलं.

एंदांगचं तोंड उघडलं. मी ते तोंड तीस वर्षं ओळखते. "आता पाठीचं म्हणाल तर..." ती सुरू झाली.

"ऊठ," मी म्हटलं.

"पोक, मी फक्त..."

"ऊठ. डोक्याकडून पाणी मी ओतलं, तू पायाकडे होतीस. तुला काय दिसलं?"

ती उठली. मी बसले. गिलांग खूश झाला, मोबाइल थोडा खाली केला, कारण माझी उंची कमी.

माझ्या कामाचा नियम मयताची लाज झाकायचा आहे. स्वतःची झाकायलाच हवी, असं मला कुणी शिकवलेलं नाही.

"विचार, बाबा," मी म्हटलं. "ईदच्या सकाळी ती माफी मागायला आली नाही, म्हणून मी रुसून बसले. भिंतीपलीकडे होते. आदल्या रात्री तिनं भिंत ठोकली असेल तर मशिदीतल्या ईदच्या ढोलांत मला ऐकू आलं नाही. वास आला, तर मी म्हटलं घूस मेली. तिच्या दारात फिनेल ओतलं. हे बघ, या हातानं. चाळीस रात्री होत आल्या, हाताला अजून तोच वास येतो. हुंगून बघतोस?"

मी हात पुढे केला. तो मागे सरकला.

"ते ठीक आहे, मक," तो म्हणाला, "पण पाठीचं..."

"तिचा चेहरा शांत होता. नखं कापलेली होती, ईदसाठी. नवा झगा दाराला टांगलेला होता, निळा. माझ्याकडेच यायची होती ती. एवढंच दिसलं. परत पहिल्यापासून सांगू?"

मी परत पहिल्यापासून सांगितलं. रुसवा, रस्सा, घूस, फिनेल. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा त्यानं मोबाइल बंद केला. "हे कुणी बघणार नाही," असं कुणाशी तरी पुटपुटला. हडळी एकेक करून दुचाकीवर बसल्या आणि झगे सावरत गेल्या.

राहिलेल्या आम्ही अकरा जणांनी यासीन वाचलं. एंदांग माझ्या शेजारी बसली, पूर्ण वेळ गप्प. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मिनच्या दारापुढच्या गटारात काहीतरी काळं, केसाळ अडकलं होतं. येणारे-जाणारे नाक दाबून म्हणत होते, घूस असेल. मी काठी घेतली, गुडघे कुरकुरत होते तरी खाली बसले आणि वाकून नीट बघितलं. विग होता.

मग उठले आणि गल्लीतल्या दारांवर टकटक करत गेले. पलीकडची म्हातारी सुहार्ती चिडली. "सकाळी सकाळी काय आहे गं, रोह?"

"काही नाही," मी म्हटलं. "बोल काहीतरी."