गाळातले नर आणि माद्या

तळ्याचा गाळ चाळणीवर धुताना कुजलेल्या शेवाळाचा वास सुटतो, आणि मला निफाडकडची ती भाड्याची खोली आठवते, जिथं मी आणि माझी मैत्रीण संशोधनासाठी राहिलो होतो. त्या गाळात मोहरीहून बारीक शिंपले सापडायचे, कधीकाळी तळ्यात राहून मेलेल्या इवल्या जीवांचे. लांबट शिंपला नराचा, आखूड मादीचा. मी सूक्ष्मदर्शकातून बघून मोठ्यानं सांगायची, "मादी, मादी, नर," आणि मैत्रीण मोजत जायची. घरमालकिणीची सून गरोदर होती. आमच्या खिडकीसमोरून जाताना ती पोटावर पदर ओढून घ्यायची, चहाही उंबऱ्यावरच ठेवायची. सासू मात्र सारखी आत यायची आणि सूक्ष्मदर्शकाच्या मशीनकडे टक लावून बसायची. आम्हाला वाटलं, या दोघींना आमचं काम संशयास्पद वाटतंय, त्या गावात कुणाला तरी आमच्याविरुद्ध सांगणार. एका दुपारी सासू बाजाराला गेली आणि सून पहिल्यांदाच आत आली. "ह्यात नर-मादी कळतं म्हणं?" मी तिला शिंपला दाखवला. एक डोळा मिटून तिनं बराच वेळ पाहिलं. "आन् पोटातलं?" "नाही हो ताई, फक्त चिखलातलं." तिला ते पटेना. दुसरं मशीन लपवलंय का, म्हणून वाकून तिनं टेबलाखालीसुद्धा पाहिलं. मग हळूच म्हणाली, "हेच आमच्या सासूबाईंना सांगा. मला दोन पोरी हायेत. पोटातलं बघाया सासूबाई उद्या मला इथं घेऊन येनार हायेत." आता नाशिकच्या प्रयोगशाळेत आजूबाजूला सगळे शिकलेलेच असतात, तरी मी शिंपले मनातल्या मनातच मोजते.