जावळाला मांडी कुणाची

आमच्या घरात मराठी पुस्तकं फार नव्हती, पत्रकं होती. बाबा नोकरीसाठी अबुधाबीला आले तेव्हा कॉलेजच्या दिवसांत चळवळीत काढलेली, सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं एका सुटकेसमध्ये भरून घेऊन आले. ताई आणि मी, आम्ही दोघी बहिणी इंग्रजी शाळेत जायचो, त्यामुळे मराठी वाचायला शिकलो ते त्या पत्रकांवरच. मी आयुष्यात वाचलेलं पहिलं मराठी वाक्य ‘बंधू-भगिनींनो, आणखी किती दिवस झोपणार?’ हे होतं. मला तेव्हा दुपारी झोपायला अजिबात आवडत नसे, म्हणून ते लगेच पटलं.

त्यातली बरीच वाक्यं बाबांची स्वतःची होती. ‘माणसाला त्याच्या कातडीवरून मोजणाऱ्याचं माप खोटं आहे’ हे त्यांचंच. मी ते वाक्य पाठ केलं होतं. खरं मानलं होतं. आज माझा राग आहे तो त्यामुळेच. ज्याने कधी काही लिहिलंच नाही, त्याच्यावर कुणी इतकं चिडत नाही.

ताईने लग्न केलं ते एका केनियन इंजिनियरशी. हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे ती. दाजी तिथे गुडघा घेऊन आले आणि मग येतच राहिले. बाबा महिनाभर गप्प होते. आईने पुण्यातल्या नातेवाइकांना सांगितलं, ‘जावई ब्रिटिश कंपनीत आहेत.’ खोटं नव्हतं ते. कंपनी ब्रिटिशच होती. लोकांनी पुढचं आपापल्या मनाने रंगवावं, अशी सोय होती ती.

मग भाची झाली. तिचे केस दाजींसारखे, घट्ट वळ्यांचे, बोट घातलं तर बोटाला अंगठीसारखे बसणारे. ताई आणि दाजी दोघंही ड्यूटीवर, म्हणून नर्सरीनंतर ती आमच्याकडे, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या फ्लॅटमध्ये असायची. आई तिचे कोरडे केस बारीक दातांच्या फणीने मुळापासून ओढायची. वर खोबरेल थापायची. मुलगी किंचाळायची. खालच्या मजल्यावरच्या काकू वर यायच्या आणि दारातूनच म्हणायच्या, “अगं बाई, पुन्हा तेच का? नाक मात्र तुमच्याकडचं घेतलंय हो पोरीने, नशीब!”

आई हसायची. मी त्या काकूंना एकदा म्हटलं, “काकू, तुमच्या नातवाचं नाक कुणाकडचं आहे? म्हणजे तेही मोजून ठेवू.” त्यानंतर त्या माझ्याशी लिफ्टमध्ये बोलत नाहीत. चांगलं झालं.

मागच्या वर्षी उन्हाळ्याआधी दाजींची आई व्हिजिट व्हिसावर आली. भाची तिला शोशो म्हणते; त्यांच्याकडे आजीला तसंच म्हणतात. नैरोबीजवळच्या एका शाळेत हेडमिस्ट्रेस होती ती, नुकतीच रिटायर झालेली, उंच, आणि समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबून मग बोलणारी. दुपारी ती आमच्याकडेच असायची. आईला वाटलं पाहुणी आली. पाहुणीने दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

तिने आधी डबे उघडून पाहिले. नाचणीचं पीठ सापडल्यावर तिचा चेहरा उजळला. रात्री भिजवून आंबवलेलं पीठ सकाळी पाण्यात शिजवलं, थोडं दूध, थोडं लिंबू. म्हणाली, ही उजी. आईने चमचाभर चाखून मला मराठीत सांगितलं, “आंबीलच आहे. ताक नाही, लसूण नाही, एवढंच. आमच्या कोकणातली नाचणी यांच्याकडे कशी गेली कोण जाणे!”

“आई, ती तिकडूनच आपल्याकडे आलीय,” मी म्हटलं. “नाचणी, ज्वारी, बाजरी, चवळी, सगळं आफ्रिकेतून. हजारो वर्षांपूर्वी.”

“आलं असेल. आता आपलंच आहे ना?”

शोशोने ज्वारीच्या पिठाची घट्ट उगाली, म्हणजे आपली उकडच, केली, पालेभाजी कांदा-टोमॅटोवर दोनच वाफा देऊन हिरवीगार ठेवली, आणि बाबांनी दोनदा मागून घेतली. त्यांची शुगर वाढलेली होती. आईच्या हातची तेलात पोहणारी भाजी आणि तीन वाट्या भात यांपासून त्यांना डॉक्टरही सोडवू शकला नव्हता.

केसांचं तर विचारूच नका. आईने पुण्याहून चटणीसाठी आणलेले जवस शोशोने पाण्यात उकळले, गरम असतानाच फडक्यातून पिळून काढले, आणि तो चिकट रस बरणीत भरला. आई माझ्या कानाशी म्हणाली, “माझी चटणी गेली डोक्याला!” शोशोने मुलीला गुडघ्यांमध्ये बसवलं. केस ओले केले. चार भाग केले. आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकापासून सुरुवात करत हळूहळू वर. त्यावर जवसाचा रस, त्यावर शिया बटर, म्हणजे तिकडच्या बियांचं लोणी, आणि मग वेण्या, एकीला लागून एक. मुलगी उजी खात होती. किंचाळली नाही. मध्येच मान डोलवून म्हणाली, “शोशो, मेक मी द झिगझॅग वन.”

आईने ते सगळं पाहिलं. तिच्या डोळ्यांदेखत ते मूल पहिल्यांदा शांत बसलं होतं. त्यातून तिने काय घ्यावं? तिने घेतला तो मत्सर.

शोशो परत गेली. वेण्या मग मी घालायला लागले. वाकड्या यायच्या, पण यायच्या. पुण्याला मामेभावाचं डिसेंबरअखेरीचं लग्न ठरलं आणि आईने एका दुपारी चहा गाळता गाळता जाहीर केलं, “हिचं जावळ राहिलंय.”

ताई घरात नव्हती. मी होते, बाबा होते.

“पाचवं लागलंय. विषम वर्ष आहे. आता नाही तर कधी? जावळ काढलं की दुसरे केस सरळ येतात. तुमच्या दोघींचे नाही का आले? लग्नात सगळे बघणार तिला.”

“आमचे आधीही सरळच होते, आई.”

“तुला काय आठवतंय? एवढीशी होतीस.” मग तिने मुद्द्यावर हात घातला. “जावळाला मामाच्या मांडीवर बसवतात. हिला मामा नाही. मग मामाच्या जागी तू बसायचंस.”

म्हणजे मी त्या मुलीला धरून ठेवायचं. डोकं हलू नये म्हणून हनुवटी पकडायची. तिच्या बापाचे केस तिच्या डोक्यावरून उतरवताना मी प्रेमाने मांडी द्यायची, कारण मी तिची लाडकी मावशी, माझ्याजवळ ती रडणार नाही. किती विचारपूर्वक निवड होती!

“नाही बसणार,” मी म्हटलं. “आणि ताईला विचारल्याशिवाय कुणीच बसणार नाही.”

“ताईला काय विचारायचं? तिने लग्न करताना विचारलं होतं का?”

तेव्हा मला कळलं की हिशोब कुठला चालू आहे.

त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं. या देशात परवानगीशिवाय शेजाऱ्याच्या दाराखालूनसुद्धा कागद सरकवता येत नाही, त्यामुळे माझी सगळी चळवळ फ्रिजच्या दारावर चालते. मी लिहिलं: हे केस अस्वच्छ नाहीत, आजारी नाहीत, अर्धवट नाहीत. मुंडण केल्याने मूळ बदलत नाही. ज्यांना नातीचे केस लपवावेसे वाटतात त्यांनी जेवणातली भाकरीही लपवावी, ती त्याच खंडातून आलीय.

बाबांनी चष्मा लावून ते उभ्यानेच वाचलं. खिशातलं पेन काढून एक वाक्य बदललं. “‘केस लपवावेसे वाटतात’च्या ऐवजी ‘केसांची लाज वाटते’ असं थेट लिही. पत्रकात आडून बोलू नये.” मला इतकं बरं वाटलं! मला वाटलं, आता दोघं आहोत.

दुबईतल्या अल क्वोजमधल्या एका प्रिंटिंग प्रेससाठी मी बहुतेक घरूनच पॅकेजिंगचं डिझाइन करते. एका शनिवारी अर्जंट काम निघालं म्हणून सकाळी दुबईला जावं लागलं. ताई ड्यूटीवर, दाजी साइटवर. काम लवकर उरकलं, दुपारच्या बसने मी परत आले. दार उघडंच होतं.

हॉलमध्ये जमिनीवर जुनी चादर पसरलेली. शेजारच्या मुसाफ्फा भागातल्या सलूनमधला न्हावी मशीन हातात घेऊन उभा. आईच्या हातात कुंकवाची वाटी. खालच्या काकू सोफ्यावर. आणि मधोमध स्टुलावर बाबा. त्यांच्या मांडीवर भाची, गळ्याभोवती टॉवेल, समोर मोबाइलवर कार्टून. बाबांचा एक हात तिच्या पोटाशी, दुसरा कपाळावर. कपाळापासून टाळूपर्यंत एक रुंद पट्टा साफ झाला होता. वेण्या चादरीवर पडल्या होत्या, रबरबँडसकट.

न्हावी म्हणत होता, “भाभीजी, बाल बहुत टाइट है, मशीन अटक रहा है.”

मी जाऊन प्लग काढला.

“खलास,” मी त्याला म्हटलं. “आप जाइए, भैया.”

“अगं अर्धंच झालंय! अर्धं ठेवतात का?” आई ओरडली. “अपशकुन करतेस?”

“मामाच्या जागी तुम्ही?” मी बाबांना विचारलं. “फ्रिजवरचं पत्रक दुरुस्त केलंत ना तुम्ही? थेट लिही म्हणालात ना?”

बाबा माझ्याकडे बघेनात. म्हणाले, “केसच आहेत. परत येतील. तुझ्या आईला तेवढंच समाधान. घरात शांतता नको का?”

शांतता! कॉलेजात असताना याच माणसाने लिहिलं होतं की शांततेच्या नावाखाली नेहमी एकाच बाजूचं तोंड बंद केलं जातं. मला ते पान कुठलं हेही माहीत होतं. ते म्हणून दाखवावंसं वाटलं, पण लेकरू त्यांच्या मांडीवर होतं आणि आमच्या आवाजाने तिने कार्टूनवरून नजर काढली होती. तिने हात वर नेला. पट्ट्यावर बोटं फिरवली. चादरीकडे पाहिलं.

“दॅट्स माय झिगझॅग,” ती म्हणाली.

मग रडली. मशीनला नव्हती रडली, त्याला रडली.

“आई,” मी म्हटलं, “नाचणी तिकडून आली, तरी आपलीच, असं म्हणाली होतीस. मग ही?”

काकू उठल्या, पर्स शोधायला लागल्या. आई वाटी टेबलावर आपटून म्हणाली, “पत्रकं लिहा तुम्ही बापलेकी. तेवढंच येतं तुम्हाला. पुण्यात चार बायका हसल्या की ऐकायचं मला असतं!”

मी फोन केल्यावर ताई अर्ध्या तासात आली, हॉस्पिटलच्या कपड्यांतच. मला वाटलं होतं ती घर डोक्यावर घेईल. तिने आवाज चढवला नाही. मुलीला कडेवर घेतलं, बाथरूममध्ये नेलं, आरशासमोर बसवलं आणि शोशोला व्हिडिओ कॉल लावला. शोशोने तिला मान वाकवायला लावून तो पट्टा नीट पाहिला. मग इंग्रजीत म्हणाली, “आमच्या शाळेत सगळ्या मुलींचे केस बारीकच असायचे. बारीक केस वाईट नाहीत. तिला कुणी विचारलं होतं का?”

बाथरूमच्या दारात आई उभी होती. तिला इंग्रजी चांगलं समजतं.

ताईने मुलीला विचारलं. सगळे एकसारखे करायचे की टोपी घालून वाढू द्यायचे? मुलीने विचार करून सांगितलं, “सेम सेम.” दाजी आले, त्यांनी स्वतःच्या ट्रिमरने हळूहळू सगळं डोकं सारखं केलं. बोटभरही केस उरले नाहीत. जाताना त्यांनी चादरीवरच्या वेण्या उचलून पिशवीत घातल्या. आम्ही कुणीही ते करायला हवं होतं. कुणी केलं नव्हतं.

ताईने मुलीला आमच्याकडे ठेवणं बंद केलं. दिवसा ताईच्या इमारतीतल्या एका फिलिपिनो बाईकडे ती राहू लागली. ताई पुण्याच्या लग्नाला गेली नाही. मीही नाही. आई-बाबा गेले आणि सगळ्यांना सांगितलं, ‘नातीला बरं नाही.’ निघण्याआधी बाबांनी फ्रिजवरचं पत्रक काढून घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं, मी ते पुन्हा लावलं. आमच्यात एवढाच संवाद उरला होता. ते परत आल्यावर म्हणाले, “तू फार कठोर आहेस.” मी म्हटलं, “तुमच्याकडून शिकले, तुम्ही सोडून दिलंत.” ते उठून बाल्कनीत गेले. जाऊ देत. मला त्यांची दया येते, पण ती मी त्यांना देणार नाही. आधी त्यांनी त्या मुलीची माफी मागावी. अजून मागितलेली नाही.

फेब्रुवारीत ताई पहिल्यांदा तिला घेऊन आली, तासाभरासाठी, सोबत थांबून. मुलीच्या डोक्यावर नवे केस आले होते. छोटे, घट्ट, एकेक वळी जिथल्या तिथे. आई सोफ्याच्या कडेला बसून त्यांच्याकडे पाहत होती. मला वाटतं तिने खरोखर विश्वास ठेवला होता. गेले दोन महिने ती सरळ केसांची वाट पाहत होती.

“तसेच आले गं,” ती हळूच म्हणाली.

“तसेच येणार होते,” ताई म्हणाली.

आईचा हात पुढे गेला, सवयीने, सरळ डोक्याकडे. ताईने आणि मी एकदमच तिच्याकडे पाहिलं. हात मध्येच थांबला. आईने आमच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. घरातल्या मुलाला हात लावायला विचारावं लागतं ही गोष्ट तिला किती अपमानाची वाटली, ते तिच्या मानेवरून दिसत होतं.

“पिल्लू,” तिने अखेर विचारलं, “आजी हात लावू का केसांना?”

मुलगी पोहे खात होती. तिने चमचा ताटलीत ठेवला, आजीच्या हाताकडे बघून विचार केला.

“नो,” ती म्हणाली. “नॉट टुडे.”

आणि आईने हात मागे घेतला.