केळीच्या सुरळीतली पाकोळी

मल्लू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कॉलेजच्या म्युझियममध्ये बाटल्यांत स्पिरिट भरत होतो. हातातली बाटली भरून, बूच लावूनच मी उठलो... असं का केलं, महिना उलटला तरी उमगत नाही.

मल्लू गडहिंग्लजचा. तरुणपणी केनियात मास्तरकी करून तो साठच्या दशकात कोल्हापूरला, आमच्या प्राणिशास्त्र विभागात आला. येताना त्यानं नमुन्यांच्या दोन-चार बाटल्या आणि तिकडच्या एका पाकोळीचं वेड आणलं. अंगठ्याएवढं, तपकिरी, किडे खाणारं वटवाघूळ. केळीचं नवं पान गुंडाळलेलं असतं तेवढा दिवस-दोन दिवस त्या सुरळीत राहतं. पान उलगडलं की बिऱ्हाड हलवतं. गुळगुळीत पानावर पकड राहावी म्हणून अंगठ्यांना, पावलांना गाद्या असतात. सांजावलं की बाहेर पडून चिलटं टिपायची. हे त्यानं इतक्यांदा सांगितलं की मी विचारायचो, "तुझं लगीन वहिनींशी झालंय की पाकोळीशी?" तो नुसता हसायचा. घरामागं त्यानं केळी लावल्या होत्या आणि रोज सकाळी चहाआधी तो प्रत्येक सुरळीत डोकावायचा.

एका दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यानं म्युझियमला एक पाकोळी दिली. बाटलीच्या आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी: आजरा, केळीची सुरळी. "आफ्रिकेतनं एस.टी.नं आली व्हय रं?" मी म्हणालो. सगळी स्टाफरूम हसली. मला खात्रीच होती, गड्यानं तिकडचीच बाटली आपल्या मुलखाच्या नावावर खपवली. आतली पाकोळी नीट न बघताच मी बाटलीवर लेबल डकवलं: पूर्व आफ्रिका. त्यानं ते वाचलं आणि बाटली घरी घेऊन गेला. चोराच्या मनात चांदणं, असं मी तेव्हा म्हणालोसुद्धा. पुढं इतकी वर्षं आम्ही रोज एकत्र चहा प्यायलो आणि तो विषय निघाला नाही.

मागच्या आठवड्यात मल्लूच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी ती बाटली माझ्यापुढं ठेवली. पाकोळीचा रंग स्पिरिटमध्ये पार उतरलाय. भिंगातून अंगठा पाहिला. गादी असली तर आफ्रिकेची. आहे असंही वाटलं, नाही असंही.

"वहिनी, ही कुठली?"

"आजऱ्याचीच की, भाऊजी. माझ्या माहेरी गेलतो न्हवं, तवा. पान मीच धरलतं. शेंदरी अंग, पंखात काळं."

शेंदरी... मल्लूची आफ्रिकेतली तर तपकिरी. म्हणजे ही आपल्याकडची, निराळीच जात. पाकोळी ताजी असताना एकदा नीट पाहिली असती तर मलाही कळलं असतं.

"मग तो मला बोलला का न्हाय?"

"मी बी इचारलतं. म्हणाले, त्याला बघायचं असतं तर बघितलं असतं की."

हे तो रागानं म्हणाला की मला माफ करून, ते वहिनींनाही सांगता येईना. मला मात्र फार लाज वाटली, आणि ती सांगायला आता मल्लू नाही.

लेबल मी तिथंच भिजवून खरवडून काढलं. चहा ठेवते म्हणून वहिनी आत गेल्या तेव्हा मी परसात गेलो. पहिल्या केळीची सुरळी बोटानं जराशी वाकवली, आत पाहिलं. काही नव्हतं. मग दुसऱ्या केळीकडं गेलो.