घड्याळ वाण्याचं, चहा आमचा

माझ्या शिक्षणाचं कुणी विचारलं की कितीतरी वर्षं मी ठरलेलं उत्तर देत असे. गुण चांगले होते, पुण्यातल्या एका फंडानं कर्ज दिलं. त्यात खोटं काही नाही. फक्त त्यात आई नाही.

तेव्हा पिंपरीला औषधाच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं आणि वडील तिथं गवंड्याच्या हाताखाली होते. आम्ही चिंचवड गावातले जुनेच, पण घर म्हणजे एक खोली आणि दारात शेळी. मी मॅट्रिक झालो. कॉलेजची फी वडिलांच्या मजुरीतून निघणं शक्य नव्हतं, म्हणून गरजू मुलांना कर्ज देणाऱ्या त्या फंडाकडे अर्ज केला. नाहीतर मीही घमेलं उचलायला जाणार, हे ठरलेलंच होतं. घरात काय काय आहे, असं अर्जात विचारलं होतं. मी लिहिलं, ‘भांडी, अंथरुणं व एक शेळी.’

फंडाचे एक सभासद घर पाहायला येतील, असं उत्तर आलं. आईला मी ते वाचून दाखवलं. तिला त्यातलं एकच ऐकू आलं: पाहुणा येणार.

मी त्यांना आणायला स्टेशनावर गेलो. निवृत्त हेडमास्तर, काळी टोपी, बोलणं कमी. घरी येऊन दारात पाऊल टाकलं आणि माझं घर मलाच ओळखू येईना. सारवलेल्या जमिनीवर सतरंजी. तिच्यावर हातांची खुर्ची. चुलीशेजारी फुलांच्या नक्षीचे कप. आणि भिंतीवर लंबकाचं घड्याळ, टिकटिक करत.

मास्तर खुर्चीवर बसले. त्यांनी अर्ज काढला.

“भांडी, अंथरुणं व एक शेळी,” त्यांनी वाचलं. “हे घड्याळ कशात धरायचं? भांड्यांत, की अंथरुणांत?”

माझे कान तापले. आपण खोटारडे ठरलो, कॉलेज गेलं, एवढंच डोक्यात आलं.

“सर, यातलं काहीच आमचं नाही. घड्याळ वाण्याचं, खुर्ची शिंप्याची, सतरंजी नि कपबश्या शेजारच्या मावशींच्या. आईला काय कळतंय? अडाणी बाई आहे ती.”

आई चुलीपुढं बसली होती. तिनं वळून पाहिलं नाही. चहा गाळला, पदर सावरला आणि कपबशी घेऊन आली.

“पोरगं खरं बोलतंय. घड्याळ वाण्याचं हाय. कप बी दुसऱ्याचं हायेत. पन च्या आमचा हाय, दूध आमच्या शेळीचं हाय. त्यो घ्या आधी.”

मास्तरांनी चहा बशीत ओतला. “बाई, हे मागून कशाला आणलंत? आम्ही तर गरिबीच पाहायला आलो होतो.”

“ती काय बघायची? ती रस्त्यावरनंच दिसती. पाव्हन्याला बसाय काय द्यायचं, ते सांगा.” मग तिनंच विचारलं, “तुमी देनार ते दान हाय, का उसनं?”

“उसनं. नोकरी लागली की फेडायचं. पण जामीन लागतो. कोण राहील?”

अर्जातली ती जागा मी कोरी सोडली होती. जामीन राहील असं आमचं होतं कोण?

आईनं खोलीभर नजर फिरवली. “ह्ये काय! दुकान उघडं आसताना वान्यानं घड्याळ काढून दिलं. शिंपी सकाळधरनं डब्यावर बसून शिवतोय. इस्वास असल्याबिगर कोन देतं व्हय? सांजच्याला समदं जिथल्या तिथं जानार. तुमचं बी जाईल.”

मास्तर हसले नाहीत. बशी संपवली आणि म्हणाले, “हे दोघं सही करतील?”

आईनं दारातूनच हाक मारली. वाणी हात पुसत आला. “घड्याळ दिलं वहिनी, मग सही काय जड हाय?” मागोमाग शिंपी आला. “सही करतो, पन खुर्ची कवा मिळंल? पाठ गेली माझी.” तेव्हा मात्र मास्तर खळखळून हसले.

कर्ज मंजूर झाल्याचं पत्र पुढं आलं. पण त्या संध्याकाळीच आईनं घड्याळ माझ्या खांद्यावर दिलं.

“सांभाळून ने. धक्का लागला तर अडानी बाईचं नाव जाईल.”

तेवढंच. पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही. घड्याळानं वाटेत खांद्यावरच टोले दिले, गल्ली हसली, मी मान वर केली नाही.

पुढं नोकरी लागली. शेवटचा हप्ता फेडून पावती तिच्या हातात ठेवली, तेव्हा तिनं विचारलं, “समदं जिथल्या तिथं गेलं न्हवं?”

मी हो म्हणालो. एक शब्द तेवढा परत घ्यायचा राहिला होता, तो राहिलाच. आता ती नाही.

म्हणून हल्ली कुणी विचारलं की गुणांचं मी नंतर सांगतो. आधी सांगतो, की त्या दिवशी गल्लीतली सगळ्यात चांगली खुर्ची आमच्या घरात होती, आणि ती माझ्या आईच्या शब्दावर आली होती.