डावीकडचा पालक

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा सहदेव म्हणजे एक नंबरचा हट्टी. त्याने एक मशीन केलं होतं. काचेच्या नळीतून हवा सोडायची, आत विजेची जांभळी ठिणगी पेटती ठेवायची. हवेतला नायट्रोजन पाण्यात उतरतो आणि त्या पाण्याचंच खत होतं. युरिया बनवताना जाळतात तसा गॅस नको, धुरांडं नको. लोक हसले मेले. हसू देत!

पण भाडं थकून इस्टेटमधला गाळा खाली करायची पाळी आली होती. नव्या धंद्यांत पैसे घालणाऱ्या वांद्र्याच्या एका कंपनीतल्या क्षमा मॅडमना पटलं, तरच मशीन जगणार होतं. "दोन रांगा लावा," त्या म्हणाल्या. "एकीला साधं पाणी, एकीला मशीनचं. फरक दिसला तर पुढचं बोलू."

सहदेवने घराच्या ओट्यासमोर कुंड्या मांडल्या, रेताड मातीत पालक पेरला. बायकोला, मालनला बजावलं, "डावीकडे नळाचं, उजवीकडे मशीनचं. घोटाळा करू नकोस गं बाई." डावी रांग पिवळी पडायला लागलेली त्याने डोळ्यांनी पाहिली, आणि खुशीत तो गाळ्यावरच मुक्कामाला गेला.

मॅडम आल्या, तर दोन्ही रांगा सारख्याच हिरव्यागार! सहदेवच्या तोंडचं पाणी पळालं.

"साध्या पाण्यावरही इतकाच येतोय ना," मॅडम हळूच म्हणाल्या, "मग तुमचं पाणी करतं काय?"

काय सांगणार, कपाळ! इतकी वर्षं आपण स्वतःलाच फसवलं, असं त्याला वाटलं. शनिवारी त्याने मशीन भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवलं आणि गाळ्याची किल्ली देऊन आला.

रविवारी मालनने मांदेली साफ केली. मासे धुतलेलं पाणी टोपात घेऊन ती ओट्यावर आली आणि सवयीने डाव्या रांगेला घालू लागली.

"अगं, हे काय करतेस?"

"काय म्हणजे? बिचारी पिवळी पडलेली. बघवलं नाय मला. आमच्याकडे रोपांना हेच घालतात." तिने घाईघाईने पुढे सांगितलं, "उजवीकडच्याला थेंबसुद्धा नाय हां. तुमचं होतं ना ते."

म्हणजे मशीन चालत होतं! सहदेव अनवाणीच धावत सुटला. भंगारवाल्याच्या दारात तांब्याची तार वेगळी गुंडाळून ठेवली होती. नळीची फुटलेली काच झाडून एका कोपऱ्यात लोटली होती.

तो परतला तेव्हा मालन दारातच उभी होती. "माझं काय चुकलं काय ओ?"

"नाही गं," तो म्हणाला, आणि ओट्यावर बसून ढसाढसा रडला.