रहाउ

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. खामगावात माझ्या घराशेजारी एका सरदारजींचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मी शाळेत गणित शिकवायचो आणि आमच्या हौशी ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचो.

सरदारजींची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, कानांनी जवळपास बहिरी. तिला तिच्या गावाकडचा एक शबद, म्हणजे ग्रंथसाहिबातलं पद, पुन्हा ऐकायचा होता.

“आमच्या पेटीचा आवाज तिले पोचत नाही मास्तर,” सरदारजी म्हणाले. “तुमचा बाजा तर नांदुऱ्यापर्यंत जाते!”

त्यांनी चाल गुणगुणून दाखवली आणि शबद देवनागरीत लिहून दिला. चार कडवी. पहिल्या कडव्याखाली एक सुटी ओळ, तिच्यापुढे शब्द ‘रहाउ’. कडवी बत्तीस मात्रांची, ही ओळ वीसच. हिशेबात बसेना. ‘रहाउ’ म्हणजे आपलं ‘राहू द्या’, असं मी धरलं आणि ओळ गाळली. विचारलं नाही. दुकान वीस पावलांवर होतं.

खाटेजवळ आम्ही अकॉर्डियन, गिटार आणि लाऊडस्पीकर लावला. आमच्या गायिकेनं सुरुवात केली. म्हातारीला ऐकू आलं. तिचे ओठ हलू लागले. प्रत्येक कडवं संपलं की ती हात वर करायची. चार वेळा केला. मला वाटलं, दाद देते आहे. मी जोमानं पुढं जायचो.

पंधरा दिवसांत ती वारली. तिच्यासाठी ठेवलेल्या ग्रंथसाहिबाच्या पाठाच्या शेवटी एका वृद्ध गृहस्थांनी तोच शबद म्हटला. प्रत्येक कडव्यानंतर ते त्या सुट्या ओळीवर परत येत होते.

मी सरदारजींना बाजूला घेतलं. “रहाउ म्हणजे काय हो?”

“थांबा. इथं थांबाचं. शबदाचा जीव त्याच ओळीत असते.”

“मग त्या दिवशी बोलले काऊन नाही?”

“मले वाटलं, विलायती बाज्यात ते येत नसंन,” ते म्हणाले. “तुम्ही तर हिशेबाचे पक्के.”

घरी येऊन मी वही काढली. त्या ओळीचा शेवटचा सूर बारा मात्रा धरून ठेवला की बत्तीस भरत होत्या. फक्त थांबायचं होतं.